उंटावरच्या शहाण्या



डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची भिशी जैसलमेरला जाऊन आली. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहेत. सात जणींनी एकसारखे लेहेरियाचे दुपट्टे घेतले आणि किल्ल्यासमोर उभ्या राहून काढलेला फोटो तर निम्म्या सोलापुरात फिरला. पण फोटोत न आलेली एक गोष्ट आहे. वाळवंटात आमचं भांडण झालं, आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही. भांडणाचं कारण होतं एक उंट. मला वाटतं ते भांडण आपल्या सगळ्यांचं आहे, म्हणून लिहितेय.

आधी आम्ही कोण ते सांगते. भिशी अठरा वर्षांची, हिशोबाची वही पहिल्यापासून माझ्याकडे, कारण एकटी मीच बी.कॉम. सात जणींमध्ये सहा जैन आणि एक शेजारच्या लिंगायत वहिनी. सगळ्यात मोठ्या आक्का, वय एकाहत्तर, अष्टमी-चतुर्दशीचे उपवास आजही चुकत नाहीत. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. धाकटी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची, तिला आम्ही धाकटीच म्हणतो. वहिनींची अट एकच होती, संक्रांतीला गड्डा यात्रेच्या आत घरी पोचायचं. पुण्याहून रेल्वेनं जोधपूर, तिथून गाडीनं जैसलमेर.

सोबत काय नेलं ते तुम्ही विचारणारच. कडक भाकरी, बिनलसणाची शेंगाचटणी, खाकरे, मेथीच्या दशम्या दोन दिवसांपुरत्या, पाणी गाळायचं कापड, आणि प्रत्येकीची एक सोलापुरी चादर. चादरी नेल्या म्हणून धाकटी हसली होती. वाळवंटातल्या तंबूत पहाटे पाच वाजता तिनंच माझ्या चादरीत पाय घातले. दिवसा स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री दात वाजतात, अशी तिथली थंडी.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, ते कुठेही वाचायला मिळेल. ११५६ साली रावल जैसलनं बांधलेला, पिवळ्या दगडाचा, आणि आत अजूनही माणसं राहतात, वाळवणं घालतात, लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवतात. किल्ल्यातच आपली जैन मंदिरं आहेत आणि मंदिरांखाली ताडपत्रांवरच्या पोथ्यांचा ज्ञानभंडार. मंदिरं श्वेतांबर, आम्ही दिगंबर, पण पार्श्वनाथासमोर हात जोडायला काय अडतं? आक्कांनी तर तिथल्या कोरीव खांबाला टेकून पूर्ण णमोकार माळ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोद्रव्याला गेलो. जैसलमेरच्या आधीची ती भाटी राजांची राजधानी. जुनं नगर आता नाहीसंच झालं आहे, पण पार्श्वनाथाचं मंदिर आहे.

किल्ल्याखाली पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत, गुमानचंद पटवा यांनी पाच मुलांसाठी बांधायला घेतलेल्या. ओसवाल जैन घराणं. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे नक्षी पाहताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न: या ओसाड जागी एवढा पैसा आला कुठून? उत्तर वाटाड्यानंच दिलं, काफिल्यांमधून. सिंधकडून आणि त्याच्याही पलीकडून येणारा माल इथून जायचा. रेल्वे नव्हती, समुद्र नव्हता. सगळा माल यायचा उंटाच्या पाठीवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसऱ्या दिवशी समच्या वाळूत, तंबूच्या मुक्कामी. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. तंबूवाल्याला फोनवर आधीच विचारलं होतं, ‘जैन खाना मिलेगा?’ तो म्हणाला, ‘मिलेगा.’ तिथे गेल्यावर कळलं की त्याच्या लेखी जैन खाना म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नको, एवढंच. जेवण साडेआठला, नाचगाणं झाल्यावर. बायांनो, तुम्ही जाल तेव्हा पदार्थ विचारू नका, वेळ विचारा. तिकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नेमकी तीच वेळ उंटाच्या फेरीची. पाच वाजता स्वयंपाकघरात चूल पेटलेली नव्हती. शेवटी गाडीच्या टपाशेजारी उभं राहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, पाणी प्यायलो, आणि वहिनीही आमच्याबरोबरच जेवल्या. ‘तुम्ही उपाशी आणि मी रात्री जेवू, असं कसं?’ म्हणाल्या. अशा मैत्रिणी मिळायला पुण्याई लागते.

आणि मग उंट आले.

सात जणींना चार उंट. एकेकावर दोघी, असा तिथला नियम. उंटवाले चाचा साठीचे असतील. त्यांच्या उंटाचं नाव रॉकेट. त्याच्या गळ्यात घुंगरं, पायात मण्यांचे पट्टे, आणि नाकात लाकडी खुंटी, तिला दोरी बांधलेली. आपल्या बैलाला वेसण असते तशीच. आक्कांनी ती खुंटी पाहिली आणि त्या थांबल्या. ‘पंचेंद्रिय जीव आहे. नाक टोचलेलं. आपण आपल्या मौजेसाठी त्याच्या पाठीवर बसायचं? मी नाही बसणार.’

त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. बिघडवलं ते मी. मी आक्कांच्या बाजूनं बोलायला लागले आणि थांबेचना. बसायला निघालेल्या चौघींना म्हटलं, ‘घरात मुंगी मेली तर प्रायश्चित्त घेता, पाणी दुहेरी कापडातून गाळता, आणि इथे जिवंत जनावराच्या मणक्यावर बसून फोटो काढता?’ मास्तरीणबाईंचा एक पाय खोगिरावर होता. त्यांचा चेहरा उतरला. त्या लहानपणापासून पुस्तकात शिकवत आल्या होत्या, वाळवंटातलं जहाज म्हणजे उंट. आयुष्यात एकदा त्यावर बसायचं त्यांच्या मनात होतं, हे मला माहीत होतं. तरी बोलले. त्या बसल्या, पण फेरीभर एक शब्द बोलल्या नाहीत, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

आक्का, धाकटी आणि मी मागे राहिलो. चाचा आमच्याकडे बघून म्हणाले, ‘माजी, आप नहीं बैठोगे तो ये खाएगा क्या?’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तंबूवाला लगेच पुढे आला, म्हणाला, उंट नको तर जीप घ्या, सूर्यास्त दाखवतो. आम्ही तिघी जीपमध्ये बसलो. उघडी जीप, गाणी मोठ्यानं, टेकडी चढायची आणि पलीकडे धाडकन उतरायची. धाकटी किंचाळत होती, आक्का णमोकार म्हणत होत्या, आणि मला, खरं सांगते, मजा आली.

मजा सकाळी उतरली.

तिकडे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. झोप लवकर झाली म्हणून मी चादर पांघरून एकटीच वाळूवर गेले. वाऱ्यानं रात्रीत वाळू पुसून स्वच्छ केली होती आणि त्या कोऱ्या वाळूवर इतक्या बारीक बारीक खुणा, जसे रजईवरचे टाके. काळ्या किड्यांच्या दोन ओळी, उंदराच्या उड्या, एका जागी कुत्र्यापेक्षा लहान पावलं, ती खोकडाची असं नंतर कळलं. आपल्याला रिकामी दिसणारी जागा रात्रभर गजबजलेली होती. आणि त्यातून आरपार गेलेले जीपच्या चाकांचे खोल चर. एकावर एक, पन्नास तरी असतील. मी तिथेच बसले. उंटाला त्रास नको म्हणून मी ज्या गाडीत बसले होते, तिच्या चाकांखाली काय काय गेलं असेल? उंट पाय टाकतो तो गादीसारखा, रुंद, सावकाश. आणि माझी जीवदया चार चाकांवर बसून गेली होती. मराठीत आपण ‘उंटावरचा शहाणा’ म्हणतो. मी तर उंटावर न बसताच ती झाले होते.

तिथेच चाचा रॉकेटला चारा घालत होते. ग्वारीचा भुसा आणि थोडी हिरवळ. मी जवळ गेले, कालचं बोलणं मनात होतं म्हणून असेल, हिशोब विचारला. माझी खोड आहे ती. एका फेरीचे तंबूवाल्यानं आमच्याकडून माणशी तीनशे घेतले होते. चाचांच्या हातात त्यातले शंभर. म्हणजे दोघींचे दोनशे. दिवाळी ते होळी एवढाच हंगाम. उन्हाळ्यात पर्यटक नाही, पण उंटाला तर रोज खायला लागतं. वडिलांच्या काळी त्यांच्या घरी उंटांचा कळप होता, आता हा एक. मुलगा जीप चालवतो. पुढच्या वर्षी हा उंट विकावा असं मुलाचं म्हणणं. चाचा म्हणाले, ‘बेचूँ किसको? कोई लेता नहीं.’

घरी आल्यावर मी वाचायला बसले. नातवानं मदत केली. जे सापडलं ते तुम्हाला सांगते, कारण आपल्याकडे याची चर्चा होत नाही.

राजस्थान सरकारनं २०१४ साली उंटाला राज्यप्राणी केलं आणि २०१५ साली कायदा आणला. उंट कापायचा नाही, आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर न्यायचाही नाही. ऐकून किती बरं वाटतं! मी तेव्हा वाचलं असतं तर देवळात पेढे वाटले असते. पण उंट पाळणारे राईका लोक जगायचे कशावर? मादी ठेवायची, आणि नर पिल्लू मोठं करून पुष्कर-नागौरच्या जत्रेत विकायचं, शेतीला, गाडीला, बाहेरच्या राज्यातही. बाहेरचं गिऱ्हाईक बंद झालं आणि नराला भाव उरला नाही. राईकांची श्रद्धा अशी की उंट सांभाळायलाच महादेवानं त्यांना घडवलं. कसायाला उंट देणं त्यांच्या रीतीत पाप, दूध विकणंही पूर्वी कमीपणाचं मानत. असे लोकही उंट सोडून मजुरीला जायला लागले. पशुगणनेचे आकडे बघा. राजस्थानात २०१२ साली सव्वातीन लाखांच्या आसपास उंट होते, २०१९ साली दोन लाख तेरा हजारांच्या आसपास. सात वर्षांत तिसरा हिस्सा गेला.

सगळा दोष कायद्याचा नाही, हेही लिहिते. उंट त्याआधीपासून कमी होत होते. ट्रॅक्टर आले, रस्ते झाले, कालव्याचं पाणी आलं तिथे चराईच्या जागी शेती झाली. पण कापू नका म्हणणारा कायदा खायला कोण घालणार ते सांगत नाही. उंटीण तेरा महिने गाभण राहते आणि एकाच पिल्लाला जन्म देते. एकदा कळप मोडला की तो पुन्हा उभा राहायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

हे वाचताना मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवला. पर्युषणात दहा दिवस रोज एक अध्याय आपण ऐकतो, सातव्या दिवशी अनेकींना पेंग येते, मलाही येते. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तिथे सांगितले आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, आणि अन्नपाणी तोडणं. आक्का तिसऱ्यावर बोट ठेवतात, नाकातली खुंटी. त्यांचं बरोबर आहे. पण मी चौथ्यापाशी अडखळते. फार ओझं लादू नये, असं श्रावकाला सांगितलं आहे. म्हणजे श्रावकाच्या दारी जनावर असणार, त्यावर ओझं असणार, हे धरूनच ते सांगितलं आहे. मुनींचं व्रत वेगळं, आपलं वेगळं. आणि पाचवा अतिचार तर आपल्याला दिसतच नाही, कारण तो आपण हातानं करत नाही. नुसतं तोंड फिरवलं की तो आपोआप होतो.

माझ्या सासूबाई सही करण्यापुरत्याच शिकलेल्या होत्या. आमची धान्याची आडत होती, खेड्यातून बैलगाड्या यायच्या. त्यांचा नियम असा की पोती उतरायच्या आधी बैलांसमोर पाण्याची घमेली आणि पेंडीचा तुकडा. गाडीवानाचा चहा त्यानंतर. एकदा एका बैलाच्या खांद्यावर जखम दिसली तर त्यांनी गाडीवानाला परत पाठवलं नाही. त्याला हळद-तेल दिलं, दोन दिवस गाडी आमच्या दारात ठेवून घेतली आणि दोन दिवसांचं भाडं दिलं. सासरे कुरकुरले होते. बैलगाडी वाईट, म्हणून ती दारात येऊ देऊ नका, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. आलं असतं तर बैलाचं काय भलं झालं असतं?

म्हणून माझं मत सांगते, पटो न पटो. वाळवंटात उंटावर बसायला जैन बाईनं घाबरू नये. पण डोळे उघडे ठेवून बसावं. खुंटीजवळ रक्त किंवा माश्या दिसल्या तर नाही म्हणावं आणि का ते सांगावं. एका उंटावर दोघींनी बसू नये, पैसे दोघींचे द्यावे आणि एकटीनं बसावं. पैसे शक्यतो उंटवाल्याच्या हातात द्यावे. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी खुशाल बसू नये, उंटाबरोबर चालावं, पण फेरीचे पैसे द्यावे. बसायला नकार आणि खिशालाही कुलूप, याला दया म्हणायला माझं मन आता तयार नाही. आणि वाळूवर जीप नको, एकदाही नको.

आक्का विचारतात, ‘उद्या म्हणशील सर्कशीतला हत्तीही चालेल.’ नाही म्हणणार. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डांबरी रस्त्यावर, समुद्रकाठच्या दमट हवेत उंट आणतात, त्यावरही मी बसणार नाही. तो त्याच्या वाळूपासून तोडलेला असतो. समचा उंट त्याच्या घरी आहे. पण आक्कांचं समाधान झालेलं नाही, आणि खुंटीचं उत्तर माझ्याकडे नाही, हे मला मान्य आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मी चाचांबरोबर आणि रॉकेटबरोबर अर्धा तास वाळूत चालले. आमच्या तिघींच्या फेरीचे पैसे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ‘बैठ तो जाओ’ म्हटलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं मी, जे खरंही आहे. धाकटी बघत होती. गाडीत म्हणाली, ‘काकू, हे पुण्य विकत घेतल्यासारखं झालं की.’ मला राग आला, कारण त्यात थोडं तथ्य होतं.

मास्तरीणबाईंची मी परतीच्या रेल्वेत क्षमा मागितली. ‘संवत्सरीपर्यंत थांबायचं होतं की,’ म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. नंतर भाकरी मात्र दोघींनी एकाच डब्यातून खाल्ली.

आता प्रश्न आमच्या भिशीच्या जीवदया पेटीचा आहे. दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये त्यात जातात आणि महावीर जयंतीला पांजरापोळीत दिले जातात, गाईंच्या चाऱ्यासाठी. मी सुचवलं की यंदा निम्मे उंटाच्या चाऱ्याला देऊ. ज्या उंटांच्या पाठीवरून आलेल्या मालावर पटव्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या, किल्ल्यातल्या देवळांना दानं मिळाली, त्यांचं काहीतरी देणं आपल्या खात्यात निघतं, असं मला वाटतं. वहिनी तयार आहेत. मास्तरीणबाई विचार करते म्हणाल्या. आक्कांनी मला माझ्याच शस्त्रानं गप्प केलं. ‘अठरा वर्षं तू पावतीशिवाय एक रुपया खर्ची टाकू दिला नाहीस. तुझे ते चाचा पावती देणार आहेत का?’

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं माहेर किंवा सासर बिकानेर-जोधपूरकडचं असेल, आणि तिकडे उंटांच्या चाऱ्यासाठी पैसे घेऊन रीतसर पावती देणारी एखादी चांगली जागा तुम्हाला माहीत असेल, तर मला जरूर कळवा. भिशीची पुढची बैठक मास्तरीणबाईंच्या घरी आहे, त्याच्या आत कळलं तर बरं.